सुट्टीतलं आईस्क्रीम आणि एक साधा प्रश्न



मे महिना संपत आला की आपल्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. कोण कुठे जाऊन आलं आणि तिथे खाण्याचं कसं जमवलं. इतर बायका विचारतात, हॉटेल कसं होतं? आपण विचारतो, दिवस मावळायच्या आत जेवण मिळत होतं का? कांदा-बटाटा नसलेली एखादी तरी भाजी होती का? पाणी गाळून घ्यायला सवड मिळाली का? प्रवासाला निघायच्या आधी दोन दिवस आपली स्वयंपाकघरं गरम असतात. दशम्या, बिनलसणाची शेंगाचटणी, भडंग, रव्याचे लाडू. निम्मी बॅग कपड्यांची आणि निम्मी डब्यांची.

पण या सगळ्या तयारीत आईस्क्रीम कुठेच नसतं. ते डब्यात घालून नेता येत नाही. आणि सुट्टीत मुलं हट्ट करतात ती नेमका त्याचाच. उन्हातून फिरून आल्यावर समोर दुकान दिसतं, मुलं आत शिरलेली असतात, मागे माणसांची रांग असते आणि काउंटरवरचा मुलगा घाईत विचारतो, ‘कौन सा फ्लेवर?’ त्या अर्ध्या मिनिटात आपण काय करतो, यावर आपल्या घरातल्या नियमाचं पुढे काय होणार हे बरंचसं ठरतं, असं माझं मत झालं आहे. डबे आपण आयुष्यभर पुरवू शकत नाही. ‘यात काय आहे?’ असं न लाजता, न चिडता विचारायची सवय मात्र मुलींना देता येते, आणि ती त्यांच्यासोबत कुठेही जाते.

हे मत पक्कं झालं ते या सुट्टीत कारकळला. म्हणून आधी तिथलं सांगते.

आम्ही घरची सहा माणसं गाडी करून तुळुनाडूच्या यात्रेला गेलो होतो. सासूबाई, जाऊबाई, त्यांची बारावी झालेली मुलगी, माझा नऊ वर्षांचा मुलगा, आमचे हे आणि मी. मूडबिद्री, कारकळ, वेणूर, धर्मस्थळ आणि शेवटी मंगळूर असा बेत होता. आपल्याकडच्या बऱ्याच जणींनी ही यात्रा केली असेल. ज्यांची राहिली आहे त्यांनी जरूर करावी. मूडबिद्रीला जैन काशी म्हणतात. तिथली हजार खांबांची बसदी १४३० सालची, चंद्रनाथ स्वामींची. गावात एकूण १८ बसद्या आहेत. षट्खंडागमावरच्या धवला टीकेची ताडपत्रं शतकानुशतकं याच गावात जपली गेली, हे नुसतं आठवलं तरी हात जोडले जातात.

कारकळला टेकडीवर बाहुबलींची ४२ फुटांची अखंड पाषाणाची मूर्ती आहे. वीर पांड्य राजाने ती १४३२ मध्ये उभी केली. वेणूरची ३५ फुटांची, १६०४ मधली. धर्मस्थळची ३९ फुटांची, ती अलीकडची, १९८२ मध्ये प्रतिष्ठापना झालेली. कुंभोजच्या २८ फुटी बाहुबलींना लहानपणापासून पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना ही सगळी आपल्याच घरातली वडीलधारी वाटतात.

कारकळची टेकडी चढायची म्हणजे अनवाणी, खडकात खोदलेल्या पायऱ्यांवरून. आम्ही सकाळी लवकर निघायचं ठरवलं होतं, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की ‘लवकर’ म्हणजे साडेनऊ. दर्शन झालं, समोरच्या चतुर्मुख बसदीत सासूबाईंनी शांतपणे बसून जाप केला आणि खाली उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाय पोळले होते. समुद्राकडचा तो दमट उकाडा आपल्या सांगलीकडच्या कोरड्या उन्हासारखा नसतो, अंगाला चिकटून बसतो. मुलाचं एकच पालुपद चाललं होतं: आईस्क्रीम.

बाजाराच्या रस्त्याला एक लहानसं दुकान दिसलं. चार टेबलं, एक लांब फ्रीजर, भिंतीवर हाताने रंगवलेली फ्लेवरची यादी आणि गल्ल्यावर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ. मराठी त्यांना येत नव्हती, पण घरची भाषा कोकणी असल्यामुळे आमचं निम्मं बोलणं कळत होतं. सासूबाईंचं माहेर चिकोडीकडचं, त्यामुळे कन्नड त्यांना उत्तम येतं. उरलेलं निम्मं त्यांनी सांभाळलं.

यादीत सगळ्यात वर ‘गडबड’ होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गडबड म्हणजे उंच काचेच्या ग्लासात दोन-तीन प्रकारच्या आईस्क्रीमचे थर, मध्ये कापलेली फळं, जेली, काजू-बदाम. आपल्या कोल्हापूरच्या कॉकटेल आईस्क्रीमचं भावंडच म्हणा. उडुपीच्या डायना हॉटेलात ते पहिल्यांदा झालं, असं तिकडे सांगतात. या किनारपट्टीला आईस्क्रीमचं वेडच आहे. मंगळूरचं आयडियल १९७५ पासूनचं. जुहूला १९८४ मध्ये नॅचरल्स सुरू करणारे रघुनंदन कामतही याच भागातले, मुल्कीचे, फळं विकणाऱ्या घरात वाढलेले. शहाळ्याचं, फणसाचं आईस्क्रीम आज आपल्याला नवं वाटत नाही, त्याची मुळं या मातीतली आहेत.

मुलाने अर्थातच गडबडकडे बोट दाखवलं. मी विचारलं, ‘यात जेली आहे ना? ती कशाची?’

तुम्हाला माहीतच आहे, इथे आपली नेहमीची लढाई सुरू होते. जेली जिलेटिनची असेल तर ते जनावराच्या हाडा-कातड्यातून काढलेलं असतं. या प्रश्नाला आपल्याला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: ‘प्युअर व्हेज है मॅडम.’ बोलणाऱ्याला स्वतःलाही ते माहीत नसतं.

या गृहस्थांनी तसं काही म्हटलं नाही. ते उठले, आत गेले आणि जेलीच्या पावडरीचं पाकीट घेऊन आले. माझ्यासमोर काउंटरवर ठेवलं आणि वाचा म्हणाले. त्यात अगार-अगार होतं, म्हणजे आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो ते. समुद्रातल्या शेवाळापासून करतात. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, ‘अम्मा, तुम्ही बसदीतून आलात ना? यादीतलं ते अंजीर-मधाचं मुलांना देऊ नका. इथले जैन लोक घेत नाहीत.’

मी पाहातच राहिले. मग मुलीने ब्राउनीच्या आईस्क्रीमबद्दल विचारलं. त्यावर ते जे म्हणाले ते माझ्या मनात अजून आहे. म्हणाले, ‘आईस्क्रीम माझं, त्याचं मी सांगतो. आतला केक दुसऱ्या बेकरीतून येतो. त्यात अंडं आहे का मला खात्री नाही. तुम्ही ते घेऊ नका.’

स्वतःचा माल विकायला बसलेला माणूस ‘मला खात्री नाही, घेऊ नका’ म्हणतो, हे तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

पुढचं तर अजून गंमतीचं. आमच्या एकाच टेबलावर चार नियम होते आणि त्या एका पाकिटामुळे चारही नीट पाळले गेले. जाऊबाई म्हणाल्या, शेवाळ अनंतकायात येतं, मला जेली नको. त्यांचं गडबड बिनजेलीचं आलं. मुलाने जेलीसकट खाल्लं. मी आणि पुतणीने नुसतं शहाळ्याचं घेतलं. ‘हे’ म्हणाले, मला काहीच नको, पाणी तेवढं द्या, आणि आमच्याच बाटलीतलं गाळलेलं पाणी प्यायले. सासूबाईंचा बर्फ आणि बर्फाच्या सगळ्या वस्तूंचा कित्येक वर्षांचा त्याग आहे. बावीस अभक्ष्यांत गारा आणि हिम दोन्ही येतात, हे आपण जाणतोच. त्यांच्यासाठी त्या गृहस्थांनी शेजारच्या गाड्यावरून शहाळं मागवलं आणि समोर फोडून घेतलं. बिलात त्याचे पैसे चोख लावले. मला तेही आवडलं. उपकाराची भावना कुठेच नव्हती. गिऱ्हाईकाला जे हवं ते देणं हा त्यांचा धंदा होता आणि ते तो नीट करत होते.

आईस्क्रीम चवीला छान होतं, खोटं कशाला बोलू. शहाळ्याची मलई दाताखाली येत होती. पण याहून चांगलं आईस्क्रीम मी खाल्लं आहे. ते दुकान लक्षात राहिलं ते उत्तरामुळे.

याला कारणही आहे. तुळुनाडूत जैन राजघराणी शतकानुशतकं राज्य करत होती. कारकळचे भैररस, वेणूरचे अजिल, मूडबिद्रीचे चौट. धर्मस्थळच्या मंजुनाथेश्वराच्या मंदिराचा कारभार जैन हेगडे घराणं पाहतं, पूजा वैष्णव पुजारी करतात आणि देव शिवाचा आहे. अशा मुलखात शेजारचा माणूस काय खातो आणि काय नाही, हे माहीत असणं म्हणजे कुणावर मेहेरबानी नसते, ती शेजारधर्माची साधी माहिती असते. आणि ही माहिती आपोआप पसरत नाही. तिथल्या आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या विचारलं असणार, सांगितलं असणार, तेव्हा कुठे एका आईस्क्रीमवाल्याला अंजीर आणि मध हे दोन शब्द एकत्र आठवले.

आता पुतणीबद्दल. ती जुलैत पुण्याला होस्टेलवर जाणार आहे. हुशार, गुणी मुलगी. प्रवासात पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली होती, ‘काकू, प्रत्येक ठिकाणी एवढं विचारायचं म्हणजे मला लाज वाटते. सगळे आपल्याकडे बघतात.’ मी तेव्हा तिला काही बोलले नाही, कारण तिचं म्हणणं खरं होतं. सगळे बघतातच.

तिच्या या लाजेलाही कारण होतं. मागच्या दिवाळीत एका मोठ्या शहरातल्या चकचकीत पार्लरमध्ये आम्ही असंच विचारलं होतं. काउंटरवरच्या मुलाने भिंतीवरच्या ‘शंभर टक्के शाकाहारी’ पाटीकडे बोट केलं, दुसऱ्याकडे बघून हसला आणि ‘नेक्स्ट’ म्हणाला. मार्शमेलो कशाचा आहे हे त्याने सांगितलं नाही ते नाहीच. आम्ही न खाता बाहेर पडलो. मुलींच्या मनात अशा वेळी काय बसतं? आपला धर्म म्हणजे रांगेत अडथळा, हे बसतं. आणि एकदा ते बसलं की होस्टेलच्या पहिल्या महिन्यातच ‘कोण विचारत बसणार’ सुरू होतं. नियम मोडायचं कुणी ठरवत नाही. विचारणं बंद होतं आणि बाकीचं आपोआप घडतं. मला खरी काळजी आहे ती याची.

कारकळच्या त्या अर्ध्या तासात मी पुतणीला एक शब्दही उपदेश केला नाही. तिने तिचं पाहिलं. दोन दिवसांनी मंगळूरला पाच वाजता आम्ही एका दुकानात शिरलो, दिवस मावळायला अजून अवकाश होता, तेव्हा तिने स्वतः पुढे होऊन विचारलं, ‘जेली कोणती आहे? पाकीट दाखवाल का?’ तिथल्या मुलाला ठाऊक नव्हतं. तो तसं म्हणाला. तिने ‘मग जेली न घालता द्या’ म्हटलं आणि विषय संपला. वीस सेकंद लागली असतील. कुणी वळूनही पाहिलं नाही.

आता मैत्रिणींनो, थोडं माहितीचं बोलू, कारण नुसतं विचारा म्हणून उपयोग नाही. काय विचारायचं हे माहीत हवं.

पहिली गोष्ट हिरव्या ठिपक्याची. आपल्यातल्या पुष्कळ जणी हिरवा ठिपका दिसला की निर्धास्त होतात. तो ठिपका चांगलाच आहे. त्यामुळे मांस, मासे, अंडं आणि जनावरांपासूनचे पदार्थ नाहीत एवढं कळतं. जिलेटिन किंवा किड्यांपासून काढलेला लाल रंग, ज्याला कार्माइन म्हणतात आणि पाकिटावर ज्याचा आकडा १२० असतो, तोही हिरव्या ठिपक्यात बसत नाही. पण सरकारी व्याख्येत दूध आणि दुधाचे पदार्थ तर वगळले आहेतच, त्यांच्याबरोबर मध, मधमाशीचं मेण आणि लाखही वगळली आहे. म्हणजे मध घातलेल्या आईस्क्रीमवर हिरवा ठिपका असतो आणि तो कायद्याने बरोबर असतो. चकचकीत चॉकलेटच्या गोळ्यांवर लाखेचा मुलामा असू शकतो, आकडा ९०४, त्यावरही हिरवाच ठिपका.

आपले अष्टमूलगुण काय सांगतात? मद्य, मांस, मधु यांचा त्याग आणि पाच उदुंबर फळांचा त्याग. मधाला मूलगुणातच नकार आहे, तो काही वरच्या पायरीच्या व्रतींचा नियम नव्हे. अंजीर त्या उंबर-वडाच्याच कुळातलं, आत किडे असणारं, म्हणून आपल्या बऱ्याच घरांत येत नाही. तरी ‘अंजीर विथ हनी’ हा फ्लेवर आपल्याच मुली मोठ्या आनंदाने मागवतात, कारण ठिपका हिरवा आहे. ठिपका शाकाहाराचा आहे, जैन आहाराचा नाही. दोष ठिपक्याचा नाही. पुढचा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो, एवढंच.

दुसरी गोष्ट, सुट्ट्या आईस्क्रीमची. पार्लरमध्ये चमच्याने काढून देतात त्याला पाकीटच नसतं, म्हणून ठिपकाही दिसत नाही. अशा वेळी मोठा डबा दाखवायला सांगावा, त्यावर सगळं छापलेलं असतं. कोन आणि वरचा केक वेगळीकडून येतो, त्याबद्दल वेगळं विचारावं. आईस्क्रीम काढायचा चमचा सगळ्या डब्यांत फिरतो आणि एकाच पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. जिथे अंड्याचे प्रकारही असतील तिथे धुतलेला चमचा मागावा. मी मागते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

तिसरी गोष्ट, पाकिटावरचं नाव. ‘आईस्क्रीम’ लिहिलेलं असेल तर ते दुधाच्या स्निग्धांशापासूनचं, आणि साध्या आईस्क्रीममध्ये तो कमीत कमी १० टक्के असावा लागतो. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असेल तर त्यात दुधाच्या तुपाऐवजी वनस्पती तेल असतं. यात भक्ष्य-अभक्ष्याचा प्रश्न नाही, पण पैसे आईस्क्रीमचे देऊन तेल कशाला घ्यायचं, हा घर चालवणाऱ्या बाईचा प्रश्न नक्कीच आहे.

चौथी गोष्ट परदेशातल्या लेकी-सुनांसाठी. तिथे ‘फ्रेंच व्हॅनिला’ किंवा ‘कस्टर्ड’ म्हणजे अंड्याचा पिवळा बलक असलेलं आईस्क्रीम. दिसायला आपल्या व्हॅनिलासारखंच. तिथे आपला हिरवा ठिपका नसतो, त्यामुळे घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. दोन्ही बाजू आमच्याच घरात आहेत.

वडीलधारी म्हणतील, ‘एवढं विचारत बसण्यापेक्षा आईस्क्रीम सोडा की! बर्फच अभक्ष्य आहे.’ त्यांचं चूक नाही. ज्यांना सोडणं जमलं त्यांच्यापुढे मी नम्र आहे. सासूबाईंना शहाळं पिताना मी पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर काही गमावल्याचा भाव नव्हता. पण त्याग हा आतून उमलतो. नऊ वर्षांच्या मुलावर तो लादला तर मूल घरात पाळेल आणि बाहेर मोडेल. अणुव्रतांची शिकवणच पायरीपायरीने चढायची आहे. आज जो मध आणि अंजीर ओळखून टाळायला शिकला, तो उद्या चातुर्मासापुरतं आईस्क्रीम सोडेल आणि परवा कदाचित कायमचं. जो काहीच न विचारता खायला शिकला, त्याच्यासाठी पहिलीच पायरी हरवते.

तरुण मुली म्हणतील, ‘इतकं बारीक बघितलं तर सुट्टीची मजा काय राहिली?’ त्यांना माझं सांगणं आहे की आम्ही पाचही दिवस मजा केली. मंगळूरच्या समुद्रात पाय बुडवले, गाण्याच्या भेंड्या खेळलो, शहाळ्याचं आईस्क्रीम दोनदा खाल्लं. विचारायला वीस सेकंद लागतात. मजा जाते ती विचारण्यामुळे जात नाही, विचारताना आपण जे ओशाळतो त्यामुळे जाते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलगी बिनदिक्कत विचारते आणि सगळे तिला सांभाळून घेतात. आपलं न खाणं हे आपल्याला तितकंच महत्त्वाचं असेल, तर आवाज त्याहून खाली का असावा?

मात्र आवाज वरही नसावा. हेही सांगायला हवं, कारण आपल्यातल्या काही जणी विचारत नाहीत, उलटतपासणी घेतात. ‘आम्ही जैन आहोत, आमच्याकडे असलं चालत नाही’ असं नाक मुरडून म्हटलं की समोरच्या माणसाला वाटतं, आपलं अन्न घाण म्हणताहेत. ज्या धर्माची पहिली शिकवण अहिंसेची, त्याच्या नावाने दुकानातल्या पोराचं मन दुखवायचं, हे कुठे बसतं? त्याने खरं सांगितलं तर आभार मानावेत. ‘मला माहीत नाही’ म्हणाला तर दुप्पट मानावेत. ते उत्तर देऊन त्याने आपल्याला खोट्यापासून आणि अभक्ष्यापासून, दोन्हीपासून वाचवलेलं असतं.

आणि आता थोडं आपल्याच अंगणाकडे. प्रवासात आपण गरीब दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो आणि आपल्याच लग्नात काय चालतं? रात्री नऊ वाजता आईस्क्रीमचा काउंटर सुरू होतो. समोर जैन पद्धतीचं जेवण अशी पाटी असते आणि काउंटरवर अंजीर-मध असतं. केटररला कुणीच विचारलेलं नसतं, कारण सगळ्यांना वाटतं की दुसऱ्या कुणीतरी विचारलं असेल. कारकळच्या इतर धर्माच्या आईस्क्रीमवाल्याला जे ठाऊक आहे, ते आपल्या मांडवातल्या केटररला ठाऊक नसावं, ही मला बोचणारी गोष्ट आहे. दिवसा लग्न लागत असेल तर आईस्क्रीमही दुपारच्या जेवणाबरोबर द्यावं. रात्रीचं स्वागत असेल तर तो काउंटर नसला तरी कुणाचं अडत नाही. आणि फ्लेवर ठरवताना घरातल्या एका बाईने केटररबरोबर बसून डब्यांवरच्या याद्या वाचाव्यात. लग्नाच्या शंभर कामांत हे दहा मिनिटांचं काम आहे.

पुढच्या प्रवासाआधी तुम्ही एक करून पाहा. बॅगा भरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून प्रत्येकाने आपापला नियम मोठ्याने सांगायचा. मला बर्फ नाही. मला जेली नाही. मला मध नाही. मी पाचनंतर काही मागणार नाही. लहान मुलांनीही सांगायचं, त्यांना जमेल तेवढं. आमच्याकडे यावेळी हे झालं होतं, म्हणूनच त्या टेबलावर एकमेकांना टोमणे न मारता चार तऱ्हेने खाणं झालं. दुसऱ्याचा नियम आपल्यापेक्षा सैल असला म्हणून त्याच्याकडे तिरकं बघायचं नाही, आणि कडक असला म्हणून हसायचं नाही, एवढा करार आधी झालेला बरा.

दुसरं, मुलं दहा-अकरा वर्षांची झाली की दुकानात त्यांनाच विचारू द्या. आपण मागे उभं राहायचं. पहिल्या वेळी ती पुटपुटतील. दुसऱ्या वेळी आवाज येईल. पुढे ती पुण्याला, बंगळूरला, परदेशी जातील तेव्हा आपल्या दशम्या आठ दिवसांत संपतील, पण तोंडातला प्रश्न त्यांच्याजवळ राहील.

चातुर्मास आता महिन्या-दीड महिन्यावर आला आहे. आमच्या मुलाने या वर्षी चार महिने आईस्क्रीम न खाण्याचा नियम घ्यायचं ठरवलं आहे. टिकेल की नाही ते सांगता येत नाही, श्रावणात दोन वाढदिवस आहेत. पण ठरवलं त्याने, आणि ठरवताना त्याला हे माहीत होतं की तो नेमकं काय सोडतोय. पुतणीच्या होस्टेलच्या सामानाची यादी काल करायला घेतली. चाळणी, पाणी गाळायचं कापड, जपमाळ, प्रेशर कुकर. खाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘मेसच्या काकूंना भेटून विचारणे’.

जय जिनेंद्र.